काटकसरीची यंत्रविद्या

वऱ्हाडच्या इतिहासाची दप्तरे चाळणाऱ्यास बडनेरा हे नाव बहुधा कापूस आणि आगगाडी या दोनच प्रकरणांत आढळते. १८५३ साली वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला, पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने विलायतेतील गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागताच या काळ्या मातीच्या मुलखाकडे व्यापाऱ्यांचे लक्ष अधिकच वेधले, आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळ व अकोला मागे टाकीत १८६७ साली नागपुरास पोचला. परंतु प्रांतातील अव्वल कापूसपेठ म्हणून गाजलेले अमरावती शहर त्या मार्गापासून सुमारे दहा किलोमीटर बाजूला राहून गेले. त्या पेठेस मुख्य मार्गाशी सांधण्यासाठी जी छोटी शाखा घालावी लागली तिने बडनेऱ्याला जंक्शनचे माहात्म्य दिले, आणि वऱ्हाडचा माल मुंबईकडे चढविणे व मुंबईचा माल वऱ्हाडात उतरवून घेणे हा या गावाचा व्यवसाय ठरून गेला. येथे पुढे सूत काढणारी व कापड विणणारी गिरणीही उभी राहिली. हा सारा वृत्तांत गॅझेटियरांतून नमूद आहे. ज्याची नोंद कोठेही नाही, पण जो याच लोहमार्गावरून आला आणि याच गावच्या खोल्याखोल्यांतून एका पिढीच्या हाती खेळला, असा एक उद्योग येथे सांगावयाचा आहे. मोजक्या पैशांत सुटे भाग निवडून, ते घरी जोडून, खेळण्याजोगा संगणक उभा करण्याची विद्या हा तो उद्योग होय.

या विद्येचे बीज बडनेऱ्यात कधी पडले हे पाहू गेल्यास १९८३ या एका सालापाशी थांबावे लागते. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस मुभा दिली ती त्याच सुमारास, आणि त्या धोरणाचा लाभ घेऊन विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीने बडनेऱ्यास अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापिले, जे आज प्रा. राम मेघे यांच्या नावाने ओळखले जाते. अमरावती विद्यापीठ त्याच वर्षी १ मे रोजी अस्तित्वात आले, आणि १५ ऑगस्टला अमरावतीची महापालिका झाली, जिच्या हद्दीत बडनेरा सामावले गेले. एका जंक्शनच्या गावी यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, अकोला अशा चहूकडच्या भागांतून शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कारकुनांची मुले यंत्रशास्त्र शिकावयास येऊन राहू लागली. हातात हुन्नर, घरून येणारी खर्ची बेताची, आणि मनात नव्या यंत्राविषयी अनिवार कुतूहल, असा हा वर्ग होता. पुढील सर्व इतिहास या वर्गानेच घडविला, असे माझे मत आहे.

परंतु हुन्नर असून भागत नाही. यंत्रच जर सुटे होण्याजोगे नसेल तर हुन्नर काय करणार? येथे दूरदेशीची एक घटना वऱ्हाडच्या कामी आली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तो घाईने सिद्ध करावयाचा असल्यामुळे बहुतेक भाग बाहेरच्या कारखानदारांकडून घेतले, आणि त्याची रचनाही प्रसिद्ध केली. त्यामुळे अल्पावधीतच इतर कारखाने त्याच मापाचे, त्याच खाचांत बसणारे भाग बनवू लागले, आणि तैवानसारख्या बेटावर मदरबोर्डांचा प्रचंड उद्योग उदयास आला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरविले, त्यामुळे कोणताही मदरबोर्ड कोणत्याही कॅबिनेटमध्ये त्याच स्क्रूंच्या भोकांवर बसावा अशी सोय झाली, आणि ते माप आज तीस वर्षांनीही टिकून आहे. गरिबाला यंत्र घडविता येण्याच्या कामी या एका मापाने जे केले, ते कोणत्याही सरकारी योजनेने केलेले मला ठाऊक नाही.

आपल्याकडे मात्र हे भाग सहजी येत नव्हते. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीचे दरवाजे किलकिले केले, तरी सीमाशुल्काचा बोजा जबर होता, आणि अमरावतीसारख्या शहरी संगणक ही बँकेची, विद्यापीठाची अथवा एखाद्या मोठ्या संस्थेची मालमत्ता होती. खरा पालट झाला तो १९९७ च्या मार्चात भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर, कारण त्या करारान्वये संगणक व त्याच्या भागांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणणे क्रमप्राप्त झाले. भाव उतरू लागले. प्रथम ते यंत्र लग्नपत्रिका व निवडणुकीची पत्रके छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत आले. मग २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा तालुक्या-तालुक्यात संगणकवर्ग निघाले. त्या वर्गांना दहा-वीस यंत्रे एकदम हवी असत आणि नामांकित कंपनीची यंत्रे परवडत नसत, म्हणून सुटे भाग आणून जोडून देणारा कारागीर गावोगावी तयार झाला. लोक त्या यंत्रास ‘असेम्बल्ड’ म्हणत आणि नुसत्या पेटीस ‘सीपीयू’ म्हणत. पेटीच्या आत जो खरा सीपीयू असे त्यास प्रोसेसर म्हणण्याची रीत पडली.

दिवसा जेथे शासनमान्य परीक्षेची तयारी चाले तेथेच वर्ग सुटल्यावर खेळ चालत. एकमेकांना तारेने जोडलेल्या यंत्रांवर एज ऑफ एम्पायर्स आणि काउंटर-स्ट्राइक खेळण्याची गोडी लागलेल्या विद्यार्थ्यास आपल्या खोलीवर आपले स्वतःचे यंत्र असावे असे वाटणे स्वाभाविकच होते. घरच्या वडीलधाऱ्यांपाशी मागणी अभ्यासासाठी केली जाई, आणि ती खोटीही नसे. कारण त्याच यंत्रावर सी-भाषेचे कार्यक्रम लिहिले जात, आराखडे काढले जात आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही त्यावरच सिद्ध होई. मात्र अभ्यासाला जे यंत्र पुरते ते खेळाला पुरत नाही, या एका भेदातून निवडीचे शास्त्र जन्मास आले.

त्या शास्त्राचे मूळ साधन म्हणजे कोटेशनची चिठ्ठी. दुकानदाराच्या पॅडवर वरून खाली प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड, कॅबिनेट, मॉनिटर, कळफलक-माउस, यूपीएस अशी ओळ लागे, समोर प्रत्येकाचा भाव, आणि खाली बेरीज. ती घेऊन विद्यार्थी अमरावतीत दुसऱ्या दुकानी जाई, तेथे दोन ओळी बदलून घेई, मग नागपुरास कोणी जाणारा असेल तर सीताबर्डीवरील भाव मागवी, आणि अखेरीस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव काढी. मुंबई प्रांताचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा, आता डॉ. भडकमकर मार्ग म्हणून नोंदलेला ग्रँट रोड भागातील हा रस्ता, आणि त्याच्यापासून साडेसहाशेहून अधिक किलोमीटरवरचे बडनेरा, यांच्यामधील अंतर विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडी एका रात्रीत काटीत असे. मुंबईस नोकरीला लागलेला चुलतभाऊ सुटीत येताना मदरबोर्डाचे खोके कपड्यांच्या पेटीत ठेवून आणी. ज्या फलाटावरून कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या त्याच फलाटावर ते उतरे. त्यात दोन-तीन हजारांची बचत होई, पण बिघाड झाल्यास वॉरंटीसाठी तो भाग पुन्हा त्याच रात्रगाडीने परत धाडावा लागे, आणि ‘कच्चे बिल’ घेतलेल्याची ती वाटही बंद असे. म्हणून जाणते लोक सांगत की, रॅम आणि प्रोसेसर हे क्वचितच बिघडणारे भाग दुरून आणावेत, पण मदरबोर्ड व हार्ड डिस्क ही जवळच्या ओळखीच्या दुकानातून पक्क्या पावतीवरच घ्यावीत. हा नियम कोणत्याही ग्रंथात नाही. तो अंतर आणि अनुभव यांच्या हिशेबातून निघालेला आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

या चिठ्ठीत एक ओळ बहुधा नसे, आणि तिच्या अभावी सर्वाधिक हानी झाली. ती ओळ वीजपुरवठ्याची, म्हणजे ज्यास बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात त्याची. कॅबिनेटबरोबर तो फुकट येई, त्याच्या अंगावर साडेचारशे वॅटचा छाप असे, आणि आतील तांबे व कपॅसिटर पाहिले तर त्याच्या निम्म्या भारासही तो दीर्घकाळ टिकण्याजोगा नसे. पुण्या-मुंबईत कदाचित तो निभावून जाई. वऱ्हाडात तो निभावणे कठीण होते. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी निघाली, आणि पुढील कित्येक वर्षे विदर्भाने भारनियमनाचे प्रदीर्घ तास सोसले. वीज जाताना दिवा मंद होई आणि येताना अकस्मात दाब चढे, वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाई, आणि वाळ्याच्या कूलरचा दमट वारा खोलीतील धुळीसह पेटीच्या पंख्यांत शिरे. ‘भाऊ, मशीन आपोआप बंद पडून राहिली’ अशी तक्रार घेऊन उन्हाळ्यात जो विद्यार्थी कारागिराकडे येई, त्याच्या यंत्रात प्रोसेसरचा दोष विरळा आणि हलक्या एसएमपीएसचा किंवा वाळून गेलेल्या उष्णतावाहक लेपाचा दोष वारंवार आढळे. हलका पुरवठा जळताना एकटा जळत नाही. तो मदरबोर्ड आणि कधी हार्ड डिस्कही सोबत नेतो. म्हणून स्वतंत्र, खऱ्या क्षमतेचा साडेचारशे वॅटचा पुरवठा घेण्यास जे दोन-अडीच हजार रुपये अधिक लागत, ते बडनेऱ्यात चैनीचे मानणे चुकीचे ठरले असते.

यूपीएसचीही गोष्ट अशीच आहे. सर्वत्र खपणारा सहाशे व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे तीनशे साठ वॅटच देतो, आणि बॅटरीवर चालताना विजेची जी लहर देतो ती घरच्या विजेप्रमाणे गोलसर नसून पायऱ्यापायऱ्यांची असते. उत्तम प्रतीच्या काही नव्या पुरवठ्यांस ती लहर मानवत नाही, त्यामुळे वीज गेली की यूपीएस असूनही यंत्र तत्क्षणी विझते. खर्च करूनही फळ मिळाले नाही असे वाटून लोक खचत, पण कारण कळल्यावर उपाय सोपा होता: भार आणि यूपीएस यांचा मेळ बसवून पाहिल्याशिवाय दोन्ही एकदम विकत न घेणे, आणि त्याआधी घरातील अर्थिंग तपासून घेणे.

वीज आणि उष्णता यांची तरतूद झाल्यावर उरलेल्या रकमेचा प्रश्न येई, आणि तेथे खेळाचे शास्त्र सुरू होई. १९९६ च्या व्हूडू कार्डापासून आणि १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून पडद्यावरील चित्र रंगविण्याचे ओझे प्रोसेसरवरून स्वतंत्र कार्डाकडे गेले, आणि तेव्हापासून खेळाच्या यंत्रात प्रधानस्थान ग्राफिक कार्डाचे आहे. तरीही वऱ्हाडातील पहिल्या पिढीची चूक बहुधा उलट असे: वडिलांनी वर्तमानपत्रात पेंटियम हे नाव वाचलेले, म्हणून सर्व रक्कम प्रोसेसरवर जाई आणि चित्राचे काम मदरबोर्डातील दुबळ्या सोयीवर येऊन पडे. ज्यांनी या नावाचा मोह सोडला ते सेलेरॉनकडे वळले. १९९८ च्या ऑगस्टात आलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर, मदरबोर्डावरील गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली असता, तीनशेऐवजी साडेचारशे मेगाहर्ट्झवर धावे आणि दामदुप्पट किमतीच्या यंत्राची बरोबरी करी, ही वार्ता जगभर पसरली होती. मेच्या उन्हात असला प्रयोग करणे मात्र धाडसाचे होते.

दोन दशकांनंतर त्याच काटकसरीस पुन्हा दोन चांगले सुयोग लाभले. २०१७ च्या जानेवारीत इंटेलने पेंटियम जी४५६० हा ६४ डॉलरचा प्रोसेसर काढला. त्यात गाभे दोनच असले तरी एकाच वेळी चार कामांचे धागे हाताळण्याची जी सोय आजवर महाग जातीस राखून ठेवली होती ती प्रथमच या पायरीस मिळाली. त्याच्या जोडीस २०१६ च्या ऑक्टोबरातील जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड बसविले की मध्यम प्रतीच्या चित्रावर बहुतेक खेळ सुखाने चालत. आणि ते कार्ड पंच्याहत्तर वॅटच्या आत, मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेत असल्यामुळे पुरवठ्यावर ताण येत नसे. वऱ्हाडच्या परिस्थितीस याहून अनुरूप जोडी झाली नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. दुसरा सुयोग २०१८ च्या फेब्रुवारीत आला: एएमडीचा रायझन ३ २२००जी, चार गाभ्यांचा, आणि चित्रासाठी समर्थ सोय आतच असलेला. ज्याला आज कार्ड परवडत नाही त्याने तो घ्यावा, यंत्र सुरू करावे, आणि पुढील वर्षी कार्ड जोडावे, असा मार्ग त्याने खुला केला. त्यात एक सूक्ष्म अट होती. आतील चित्रविभाग स्वतंत्र स्मृती न बाळगता मुख्य रॅमच वापरतो, म्हणून आठ गिगाबाइटची एक पट्टी घेण्याऐवजी चारचारच्या दोन घेतल्या तर दोन्ही वाटांनी माहिती धावते आणि खेळाची गती लक्षणीय वाढते. आणखी एक अट अशी की, दुकानात पडून राहिलेला जुना मदरबोर्ड या नव्या प्रोसेसरास ओळखत नसे. त्यातील बायोस अद्ययावत करून देण्याचे वचन दुकानदाराकडून आधीच घ्यावे लागे.

मदरबोर्डाच्या निवडीतच काटकसरीचे दीर्घदर्शन दिसून येते. इंटेलने २००९ पासून २०१५ पर्यंत ११५६, ११५५, ११५० आणि ११५१ असे चार सॉकेट बदलले, त्यामुळे नवा प्रोसेसर घेणे म्हणजे नवा मदरबोर्ड घेणे झाले. उलटपक्षी एएमडीच्या एएम४ सॉकेटात २०१७ चा पहिला रायझनही बसला आणि २०२४ च्या आरंभी आलेला नवा प्रोसेसरही बसू शकतो. शिकत असताना घेतलेला बोर्ड नोकरी लागेपर्यंत टिकावा, ही मध्यमवर्गीय अपेक्षा त्या सॉकेटाने पुरी केली.

ज्यांची खर्ची यापेक्षाही तोकडी होती त्यांनी आणखी एक वाट शोधली. पुण्या-मुंबईच्या व हैदराबादेच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी निकाली निघणारी कंपनीची यंत्रे घाऊक बाजारातून अल्प दरात मिळत. त्यातील आय५ प्रोसेसर सुस्थितीत असे, पण पुरवठा बेताचा आणि जोडतारा मोजक्या. २०१४ चे जीटीएक्स ७५० टीआय हे साठ वॅटचे कार्ड अशा यंत्रात वेगळी तार न लागता बसे. नव्या भागांच्या निम्म्या खर्चात त्यावर जीटीए पाच चाले. हे यंत्र देखणे नसे, परंतु आर्थिकदृष्ट्या त्यापेक्षा न्याय्य व्यवहार मी पाहिलेला नाही.

या सर्व हिशेबांना दूरदेशींच्या आपत्ती वेळोवेळी उधळून लावीत. १९९९ च्या सप्टेंबरात तैवानात भूकंप झाला आणि रॅम महागली. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला आणि हार्ड डिस्कचे भाव दुपटीकडे गेले. २०१७ नंतर आणि पुन्हा २०२० नंतर आभासी चलनाच्या खननासाठी ग्राफिक कार्डे घाऊकपणे उचलली गेली. टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये घरीच भरू लागल्याने संगणकाची निकड वाढली आणि नेमके त्याच वेळी कार्ड दुर्मीळ झाले. २०२२ च्या १५ सप्टेंबरला इथेरियमने खननाची पद्धतच सोडली, तेव्हा वापरलेल्या आरएक्स ५७० व ५८० कार्डांचा बाजारात पूर आला. ती घेताना पंखे फिरवून पाहणे, कार्डातील बायोस मूळचा आहे की खननासाठी बदललेला याची खात्री करणे, आणि किमान अर्धा तास खेळ चालवून तापमान पाहिल्याशिवाय पैसे न देणे, ही दक्षता येथील मुलांनी अंगी बाणविली. करांच्या बाबतीतही असेच चढउतार झाले. राज्याचा मूल्यवर्धित कर जाऊन १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा बहुतेक भाग १८ टक्क्यांत बसले, पण मोठ्या मॉनिटरांवर २८ टक्के लागले. २०१८ च्या डिसेंबरात बत्तीस इंचांपर्यंतचे पडदे १८ टक्क्यांत आणण्याचा निर्णय झाला, आणि तोपर्यंत अनेकांनी घरातील टीव्हीवरच यंत्र जोडून वेळ भागविली.

आता रात्रगाडीची गरज राहिलेली नाही. कुरियरने भाग दारी येतात, आणि ‘भाऊ, चाळीसात काय काय बसते?’ हा प्रश्न दुकानाच्या फळीवर न विचारता मोबाइलवर विचारला जातो. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड विदागारांनी स्मृतीचे उत्पादन ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीपलीकडे गेले, आणि जो भाग आजवर चिठ्ठीत सर्वांत निर्धोक मानला जात होता तोच आज सर्वांत जड झाला आहे. नव्या डीडीआर५ पट्ट्यांच्या मागे न लागता एएम४ चा मदरबोर्ड घ्यावा, जुन्या यंत्रातील डीडीआर४ च्या दोन पट्ट्या काढून त्यात बसवाव्यात, सोळा गिगाबाइटचा हट्ट वर्षभर पुढे ढकलावा, आणि वाचलेली रक्कम प्रथम एसएमपीएसवर व नंतर कार्डावर घालावी, असा या घडीचा हिशेब आहे.